सुरक्षित जोडणी आणि स्मृतीची आवराआवर

मानेसरच्या एखाद्या वाहनकारखान्यातील संगणक पुण्याच्या पुरवठादाराकडे सुट्या भागांची मागणी पाठवतो असे समजू. तो मजकूर वाटेत अनेक परक्या यंत्रांतून जातो. म्हणून दोन्ही टोके आरंभी ओळख पटवून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढील मजकूर तिच्या साहाय्याने कुलूपबंद करतात. हे काम ओपनएसएसएलसारखी तयार लायब्ररी करते. ती सी भाषेत लिहिलेली आहे. त्या भाषेत मागून घेतलेली स्मृती परत करणे हे मागणाऱ्याचेच कर्तव्य असते.

प्रोग्राम प्रथम प्रमाणपत्रे व नियम सांभाळणारा एक 'संदर्भ' निर्माण करतो आणि त्यातून प्रत्येक जोडणी उभी करतो. आवरताना क्रम उलटा असावा : प्रथम निरोपाचा संदेश, मग जोडणीची स्मृती मोकळी करणे, अखेरीस संदर्भ. २०१६ सालच्या १.१.० आवृत्तीपासून लायब्ररी स्वतःची सामायिक स्मृती प्रोग्राम संपताना आपण होऊन आवरते. परंतु जोडण्या व संदर्भ यांची जबाबदारी प्रोग्रामरकडेच राहते. ओळख पटण्यापूर्वीच व्यवहार फिसकटला, तर ही आवराआवर हमखास विसरली जाते. अशा विसरलेल्या जोडण्या साचत जाऊन महिनोन्‌महिने चालणारा सर्व्हर अखेर थकतो. उलट, तीच स्मृती दोनदा परत केली तर प्रोग्राम कोसळू शकतो, किंवा हल्लेखोराला वाट मिळते.

मात्र परत करणे म्हणजे पुसणे नव्हे. मोकळ्या केलेल्या जागेत जुना मजकूर तसाच राहू शकतो. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या 'हार्टब्लीड' दोषाने याचे गांभीर्य जगाला कळले. समोरच्याने सांगितलेली संदेशाची लांबी लायब्ररी न तपासता खरी मानी आणि उत्तरादाखल शेजारच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर देऊन टाकी. त्यात संकेतशब्दच काय, सर्व्हरची खाजगी किल्लीही असू शके. हा दोष २०१२ पासून प्रचलित आवृत्त्यांत होता.

यास्तव किल्ली ठेवलेली जागा परत करण्यापूर्वी शून्यांनी भरावी. येथेही एक मेख आहे : पुढे कोणी वाचणार नाही असे पाहून कंपायलर ते शून्यलेखन निरर्थक ठरवून वगळू शकतो. म्हणूनच लायब्ररीत पुसण्यासाठी स्वतंत्र कार्य दिलेले आहे. त्याचाच उपयोग करावा.