कुंपण ओलांडणारी वेडेलिया : दोन्ही अंगणांतून एकदम काढण्याची कृती

कोल्हापुरातलं ताराबाई पार्क असो की रुईकर कॉलनी, बंगल्याच्या कंपौंडलगत पिवळ्या फुलांची, तीन टोकांच्या पानांची वेडेलिया हमखास भेटते. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली ही वेल आपल्याकडे शोभेसाठी लावली जाते. आययूसीएनच्या जगातल्या 100 अतिउपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत घाणेरीबरोबर हिचंही नाव आहे. एकट्यानं आपल्याच बाजूची काढली, तर पहिल्या पावसात ती पलीकडून पुन्हा येते. म्हणून ही कृती दोन घरांची आहे.

वेळ : मे महिन्यात एखाद-दुसरा वळीव पडून माती मऊ झाली की, मृगाच्या आधी. एकदा पाऊस लागला की तुटलेला प्रत्येक तुकडा रुजतो. मे हुकला तर ऑक्टोबरची उघडीप धरावी.

साहित्य : हातमोजे, झाडकात्री, खुरपं, कुदळ, घमेली, फक्की, जाड काळं प्लॅस्टिक, कडप्प्याचे उरलेले तुकडे.

कृती

1. आधी शेजारी बोलून घ्या. ‘‘काकू, आमची वेल तुमच्या गुलाबांत शिरलीया. रविवारी दोन्हीकडनं मिळून काढूया काय?’’ एवढं पुरतं. मुळात लावली कुणी, हा विषय काढू नका.

2. कुंपणाच्या दोन्ही अंगांना दीड-दीड फुटाचा पट्टा फक्कीनं आखा. त्यातली ठेवायची रोपं आधी कुंडीत हलवा. मुळांच्या मातीत वेलीचा तुकडा राहिला नाही ना, ते पाहा.

3. कुंपणाच्या रेषेत वेल कात्रीनं कापा. एका बाजूनं ओढू नका. ती पेरावर तुटते आणि रुजलेलं पेर मातीतच राहतं.

4. आता एक धावती फांदी उचलून बघा. दोन पेरांमधलं कांड स्वच्छ असतं, पण मातीला टेकलेल्या पेराखाली पांढऱ्या मुळांचा झुपका असतो. खुरपं त्या झुपक्याखाली घालून पेर मुळांसकट उचला. भिंतीच्या भेगा आणि पाणी जायची भोकंही तपासा.

5. तणनाशक फवारू नका. वाऱ्यानं तुषार शेजारच्या गुलाबावर गेले, तर वेल राहील बाजूला आणि भांडण उगवेल.

6. कुंपणालगत फूटभर खोल चर काढून कडप्पा उभा पुरा. मातीच्या वर तीन इंच राहू द्या. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेऊन पाण्याच्या वाटेवर फट ठेवा आणि तिथं बारीक जाळी बसवा.

7. काढलेला पाला काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कांड्या कुरकुरीत होईपर्यंत उन्हात ठेवा. ओला पाला खतखड्ड्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. जयंती नाल्यात तर नकोच. तिथून तो थेट पंचगंगेला जातो.

8. पावसाळाभर दर पंधरवड्याला दोन्ही बाजूंनी फेरी मारा. कोवळा फुटवा बोटांनीही निघतो.

दुसरं काही पसरलं असेल तर : लव्हाळा उपटून भागत नाही, पात हातात येते आणि गाठ खाली राहते. गाठी शोधून वेचाव्या लागतात. गाजर गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालूनच काढा. एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच. मेस आणि माणगा हे बांबू बेटानं वाढतात, त्यांची भीती नाही. धावत्या जातीच्या बांबूला मात्र दोन-अडीच फूट खोल आडवण लागते.

शेजारच्या झाडाची फांदी आत आली असेल, तर थेट कुऱ्हाड लावू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 शहरातल्या झाडांना लागू आहे. आधी शेजाऱ्यांना सांगा, मग महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करा.

मोकळा झालेला पट्टा तसाच सोडू नका. तिथं गवती चहा किंवा अबोली लावा. दोन्ही आपापल्या जागी राहतात. आणि कुणी कौतुकानं वेडेलियाची फांदी मागितली, तर देऊ नका. त्याऐवजी अबोलीचं रोप द्या.