डव्हटेल सांधा आणि चक्री करवतीचे पाते

पेटीच्या किंवा खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत गुंतविताना एका फळीची टोके पारव्याच्या पसरलेल्या शेपटीप्रमाणे कापतात. डव्हटेल हे या सांध्याचे नाव त्यावरूनच पडले. शेपटीचा उतार मऊ लाकडात ६ ला १, म्हणजे सुमारे ९.५ अंश, आणि कठीण लाकडात ८ ला १, म्हणजे सुमारे ७ अंश ठेवण्याची रूढी आहे. भिलईलगतच्या बोरसीसारख्या ठिकाणी सागावर काम करणाऱ्या कारागिराने दुसरे प्रमाण धरावे.

मेजावरील चक्री करवतीने शेपट्या कापताना पाते उताराइतके कलते करून फळी मेजावर उभी धरावी लागते. खरी अडचण येथेच उद्भवते. बाजारात सामान्यतः मिळणाऱ्या पात्याचे दाते आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे तिरपे घासलेले असतात. त्यांच्या कापाचा तळ सपाट उतरत नाही. सपाट माथ्याचे दाते घेतले, तरी पाते कलताच तो माथाही कलतो. ३ मिलिमीटर रुंदीच्या कापात ७ अंशांच्या कलाने तळाच्या दोन कडांत सुमारे ०.४ मिलिमीटर अंतर पडते. परिणामी शेपटीच्या मुळाशी लाकडाची त्रिकोणी पाचर शिल्लक राहते व सांधा पूर्ण बसत नाही. पटाशीने ती काढता येते हे खरे. परंतु दहा खणांचे कपाट करावयाचे असल्यास यंत्राचा लाभ तो काय?

यावर उपाय म्हणजे ज्याचे सर्व दाते एकाच दिशेने, शेपटीच्या उताराइतकेच तिरपे घासलेले आहेत असे पाते. पाते कलले की त्यांचे माथे मेजाला समांतर येतात आणि काप थेट कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. उभे तंतू चिरण्यासाठीचे, सपाट माथ्याचे २४ दात्यांचे पाते धार लावणाऱ्याकडून असे घासून घेता येते. मात्र आपले यंत्र डावीकडे कलते की उजवीकडे, हे त्यास आधी सांगावे. विरुद्ध दिशेने घासलेले पाते उलटे बसवून चालत नाही, कारण मग दात्यांची तोंडेच मागे फिरतात. सागातील सिलिकेमुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. म्हणून दाते कार्बाइडचे असावेत.

दुसऱ्या फळीवरील खुंट्यांसाठी पाते सरळ उभे असते व आडवी पट्टी तिरपी करतात. तेथे हे खास पाते निरुपयोगी. साधे सपाट माथ्याचेच बसवावे. खणाच्या दर्शनी फळीतील अर्धझाकल्या खुंट्या मात्र या यंत्रावर होत नाहीत. त्या हातकरवतीने व पटाशीनेच कराव्यात. फळी उभी धरताना पात्यावरील झाकण काढावे लागते. म्हणून ती उंच आधारपट्टीस शिकंजाने आवळावी आणि बोटे कापाच्या रेषेपासून दूर ठेवावीत.