भ्रमणध्वनीचा पडदा संगणकावर

आज आपले पुष्कळसे वाचन-लेखन मोबाइलवर होते. परंतु वर्गातील पन्नास जणांना त्याचा चिमुकला पडदा दाखवावयाचा कसा? तो संगणकावर आणण्याची रीत प्रस्तुत लेखात पाहू.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पडद्याचे स्थिर चित्र टिपणे निराळे आणि हलता पडदा सतत दाखवीत राहणे निराळे. अँड्रॉइड मोबाइलच्या बाबतीत दोहोंचा पाया एकच, तो म्हणजे ‘एडीबी’ हा दुवा. सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा बोट टेकविले की विकसकांसाठीचे पर्याय उघडतात. त्यांतील ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करून केबल जोडावी. या संगणकाला परवानगी द्यावी काय, असे मोबाइल विचारतो. होकारावाचून पुढे काहीच घडत नाही.

या दुव्यावरून ‘स्क्रीनकॅप’ ही आज्ञा दिली की पडद्याचे चित्र मिळते. हलत्या पडद्यासाठी जेनीमोबाइल या कंपनीने २०१८ मध्ये ‘स्क्रीन कॉपी’ असा उच्चार असलेले मोफत सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. ते मोबाइलवर एक छोटा साहाय्यक प्रोग्रॅम धाडते. तो पडद्यावरील दृश्य आकुंचित चलचित्राच्या रूपात पाठवितो आणि संगणक ते उलगडून दाखवितो. लागोपाठच्या चित्रांत जेवढा फरक असेल तेवढाच बहुतांशी पाठवावा लागत असल्याने विलंब फार थोडा होतो. उलट दिशेने माउस व कळफलकाच्या आज्ञा मोबाइलकडे जातात. आयफोनचा पडदा मॅक संगणकावरील क्विकटाइम प्लेअरमध्ये २०१४ पासून पाहता व मुद्रित करता येतो.

बँकांच्या कित्येक ॲपचा पडदा, विशेषतः अलीकडील अँड्रॉइडवर, काळाच दिसतो. हा बिघाड नव्हे. ॲपने तो ‘सुरक्षित’ ठरविल्यामुळे मोबाइलची यंत्रणाच त्याचे चित्र देत नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. पैशांचे रक्षण यंत्र करते. पण पडदा भिंतीवर झळकत असताना मैत्रिणीचा खाजगी निरोप आला तर? तिने तो एकीसाठी लिहिला होता, पन्नासांसाठी नव्हे. म्हणून प्रात्यक्षिकापूर्वी सूचना बंद कराव्यात आणि दुसऱ्याचा मजकूर त्याच्या संमतीनेच टिपावा. शिवाय, परवानगी मिळालेला संगणक केवळ पडदा पाहत नाही. त्याला फायलीही उतरविता येतात आणि ॲपही बसविता येतात. तेव्हा काम संपताच डीबगिंग बंद करण्यास विसरू नये.