दुःख घरात कोंडू नका
लार्स फॉन ट्रिअर या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘अँटिख्राइस्ट’ (२००९) या भयपटात खिडकीतून पडून मूल दगावते. मानसोपचार करणारा नवरा पत्नीची औषधे बंद करतो, स्वतःच उपचार करू लागतो, तिला जंगलातल्या घरात नेतो. शेवट रक्तपातात होतो.

शोकात असलेल्यांनी हा चित्रपट पाहू नये. धडा मात्र आपण सर्वांनी घ्यावा. तो नवराही बापच होता. जोडीदाराने आधार द्यावा, डॉक्टर होऊ नये.

मेलेले मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीला तथागतांनी मोहरीसाठी घरोघर, म्हणजे माणसांत पाठवले. आपणही दुःख बोलावे. झोप-जेवण तुटले, जगणे नकोसे झाले, तर तज्ज्ञांकडे जावे. औषधे मनाने थांबवू नयेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.