स्मृति आणि वनस्पति

आजोबा नातवाचें नांव विसरूं लागले, तर तें वयाचें लक्षण समजून आपण गप्प बसतों. परंतु असें विस्मरण कित्येकदां रोगजन्य असतें. अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं अशा एका रोगाचें वर्णन केलें. तो आज त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

या रोगांत मेंदूंतील ॲसिटिलकोलीन हें निरोप पोंचविणारें द्रव्य कमी पडतें. युरोपांत हिंवाळा सरतां सरतां बर्फांतून डोकें वर काढणारें स्नोड्रॉप नांवाचें पांढरें फूल आहे. त्याच्या कंदांत सांपडणारें गॅलँटामीन ॲसिटिलकोलीनचा नाश करणाऱ्या एन्झाइमास रोखतें. १९५० नंतरच्या दशकांत रशियन व बल्गेरियन संशोधकांनीं त्याचा अभ्यास केला. पुढें रुग्णांवरील कसोट्या होऊन २००१ सालीं अमेरिकेंत या रोगासाठीं त्यास मान्यता मिळाली. तथापि तें लक्षणें कांहीं काळ सौम्य करतें. रोग समूळ बरा करीत नाहीं.

या रोगांत मेंदूस दाहही होतो. आपल्या हळदींतील कर्क्युमिन प्रयोगशाळेंत दाह शमवितें खरें. परंतु पोटांतून तें रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि रुग्णांस त्याचा निश्चित गुण आल्याचें अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं.

वनस्पतींत गुण असणें निराळें आणि त्याचें औषध सिद्ध होणें निराळें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. घरांतील वडील मंडळी वरचेवर विसरूं लागल्यास चूर्णांच्या जाहिरातींवर विसंबूं नये. डॉक्टरांस वेळींच दाखवावें. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव हें कारण निघाल्यास विस्मरण उपचारानें सुधारूंही शकतें.