वीणेची तार आणि प्रोसेसरचा वेग

अतिपरिश्रमाने शिणलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी दिलेला वीणेचा दृष्टान्त आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरीही बिघडतो. संगणकाच्या प्रोसेसरचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग करणे, हेही तार ताणण्याचेच काम होय. अल्प किमतीच्या मदरबोर्डवर ते सुरक्षितपणे कसे करावे व कोठे थांबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रोसेसरचा वेग दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरतो. एक पायाभूत वेग, जो आज बहुतेक संगणकांत 100 मेगाहर्ट्झ असतो, आणि दुसरा गुणक. गुणक 34 असल्यास वेग 3.4 गिगाहर्ट्झ होतो. 1998 साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन 300ए या प्रोसेसरचा गुणक 4.5 असा पक्का बांधलेला होता. म्हणून हौशी मंडळींनी पायाभूत वेगच 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेला आणि 300 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर 450 वर चालविला. आज हा मार्ग धरू नये. कारण पायाभूत वेगाबरोबर रॅमसारख्या इतर भागांचा वेगही बदलतो. वाढवायचा तो केवळ गुणक.

ही मुभा सर्वत्र नसते. इंटेलमध्ये त्यासाठी सामान्यतः नावाअखेर 'के' असलेला प्रोसेसर आणि महागडा 'झेड' श्रेणीचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरना मात्र बी350 किंवा बी450 या माफक किमतीच्या बोर्डवरही ती मिळते; ए320 वर मिळत नाही. म्हणून प्रथम बोर्डाचे नाव तपासावे.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. प्रोसेसरला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के व व्होल्टेज 10 टक्के वाढविल्यास 1.1 × 1.1 × 1.1, म्हणजे सुमारे 1.33 पट शक्ती लागते. काम फार तर दहा टक्के लवकर होते. उष्णता मात्र तेहतीस टक्के वाढते. हा भार प्रोसेसरआधी मदरबोर्डवरील वीजनियामक भागावर, म्हणजे व्हीआरएमवर येतो. स्वस्त बोर्डवर तो लहान असतो व त्यावर पुष्कळदा उष्णताशोषक पट्टीही नसते. साखळीतील दुर्बल कडी तीच. तिच्यावर वारा येईल असा पंखा बसविणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम असा ठेवावा. सर्व माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. धूळ झाडून थर्मल पेस्ट नवी लावावी. मूळ वेगावरील तापमान वहीत नोंदवावे. बायोसमध्ये जाऊन वेग एका वेळी 50 ते 100 मेगाहर्ट्झनेच वाढवावा. व्होल्टेजला आरंभी हात लावू नये. प्रत्येक पायरीनंतर प्राइम95 सारखी चाचणी किमान एक तास चालवावी. चूक आढळल्यास किंवा संगणक अडखळल्यास एक पायरी मागे यावे. व्होल्टेज वाढविणे अटळच असेल, तर अगदी थोडे वाढवावे. पहिल्या पिढीच्या रायझनवर 1.35 व्होल्टपाशी थांबणे शहाणपणाचे. त्या पिढीतील रायझन 5 1600 ची तापमानमर्यादा 95 अंश आहे. तरी आपण 80 च्या आतच राहावे. शिवाय नागपूरच्या जानेवारीत उत्तीर्ण झालेली चाचणी मे महिन्यात पुन्हा घ्यावी. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच अधिक तापतो. संगणक सुरूच न झाल्यास वीज तोडून बोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढावी. बहुतेक बोर्डांवर मूळ मूल्ये परत येतात.

विद्यार्थी मित्रांनो, खरा धोका प्रोसेसर जळण्याचा नाही. आधुनिक प्रोसेसर अति तापल्यास स्वतःच वेग उतरवितो वा बंद पडतो. धोका आहे तो न दिसणाऱ्या चुकीचा. अर्धवट स्थिर संगणक बंद न पडताही एखादा अंक चुकवू शकतो, एखादी फाइल बिघडवू शकतो. म्हणून ज्या संगणकावर निकालपत्रके वा इतरांचे काम साठविलेले आहे, त्यावर हा प्रयोग कदापि करू नये. तो स्वतःच्या, हमीची मुदत संपलेल्या यंत्रावर करावा. कारण ओव्हरक्लॉकिंगने झालेली हानी हमीत धरली जात नाही. जुना संगणक केवळ मंद वाटत असेल, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो. तेथे एसएसडी बसविल्याने जो लाभ होतो, तो वेग ताणून होत नाही.

वीणा जुळविणारा प्रत्येक पिळानंतर थांबून सूर ऐकतो. तापमानाची नोंद हे आपले ऐकणे होय. ज्याला थांबता येते, त्यानेच तार ताणावी.