निर्जन पठारावरील वाटा

युरोप खंडाच्या वायव्येस, उत्तर अटलांटिक महासागरात, आर्क्टिक वृत्ताच्या अगदी जवळ आइसलँड हे बेट वसलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक-तृतीयांश आहे. या बेटाचा नकाशा पाहिला, तर एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. गावे, बंदरे, कुरणे ही सर्व किनाऱ्यालगत किंवा नद्यांच्या खोऱ्यांत दाटलेली असून मध्यभाग मात्र कोरा आहे. हा कोरा भाग म्हणजे समुद्रसपाटीपासून चारपाचशे मीटरांहून अधिक उंचीचे एक विस्तीर्ण पठार होय. तेथे एकही गाव नाही. असे असूनही त्या पठारावरून वाटा गेल्या आहेत, आणि त्यांतील काही हजार वर्षांहून जुन्या आहेत. जेथे कोणी वस्ती करीत नाही, तेथे वाट टिकून राहिली कशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ती भूमी कशी घडली, हे पाहिले पाहिजे. पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे. त्यांपैकी उत्तर अमेरिकेचा भूपट्ट व यूरेशियाचा भूपट्ट या बेटाखालीच एकमेकांपासून दूर सरकत आहेत. ही गती वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर इतकी अल्प आहे. परंतु ती कधीच थांबत नाही. भूगर्भातून वर येणारा तप्त शिलारस या भेगांवाटे बाहेर पडतो आणि थिजून काळा कातळ होतो. महाराष्ट्रातील मुलांना हा कातळ अपरिचित नाही. सह्याद्रीचे कडे ज्या बेसॉल्ट खडकाचे आहेत, त्याच जातीचा हा खडक होय. भेद आहे तो वयाचा. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. ऊनपावसाने झिजून त्याची काळी, सुपीक माती झाली. आइसलँडच्या पठारावरील कातळ त्या मानाने अगदी कोवळा आहे. काही ठिकाणी तर तो आजच्या मुलांच्या वयाचा आहे! २०१४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस तेथे जमिनीला भेग पडली आणि २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत वाहिलेल्या शिलारसाने सुमारे ८५ चौरस किलोमीटर भूमी झाकून टाकली.

या पठारावर हिम व पाऊस पुष्कळ पडतो. वात्नायोकुल या एकाच हिमाच्छादनाने बेटाचा सुमारे बारावा हिस्सा व्यापलेला आहे. मग एवढे पाणी असूनही पठार ओसाड का? कारण असे की, कोवळा सच्छिद्र खडक आणि ज्वालामुखीची राख पाणी धरून ठेवीत नाहीत. पडलेले पाणी झिरपून खोल जाते व वर उरते ती कोरडी, काळी वाळू. वारा सुटला म्हणजे हीच वाळू उधळून डोळ्यांपुढचे काही दिसेनासे करते. मुरलेले पाणी कोठेतरी दूर झऱ्यांच्या रूपाने वर येते, आणि तेवढ्यापुरतीच हिरवळ उगवते.

आइसलँडमध्ये मनुष्यवस्ती झाली ती नवव्या शतकात. ९३० मध्ये तेथील लोकांनी आल्थिंग नावाची लोकसभा स्थापन केली. दरवर्षी उन्हाळ्यात ती बेटाच्या नैर्ऋत्य भागात भरत असे. उत्तरेकडील व पूर्वेकडील लोकांना किनाऱ्याने जाण्यापेक्षा पठार ओलांडून जाणे जवळचे पडे. यांतूनच क्योलूर व स्प्रेंगिसांदूर या दोन प्रसिद्ध वाटा रूढ झाल्या. स्प्रेंगिसांदूर या नावातच तिचे स्वरूप सांगितलेले आहे. चारा नसलेली ती वाळू लवकर पार व्हावी म्हणून घोडे ऊर फुटेपर्यंत दौडवावे लागत, असा त्या नावाचा अर्थ आहे.

वाळूवर पाऊलवाट उमटत नाही आणि उमटली तरी एका वादळात पुसून जाते. म्हणून प्रवाशांनी ठराविक अंतरांवर दगडांच्या राशी रचल्या. धुक्यात किंवा हिमात एका राशीपासून दुसरी दिसली, म्हणजे वाट चुकली नाही असे समजावे. ज्याने रास रचली त्याचे नाव कोणासही ठाऊक नसे. पण मागून येणाऱ्याचे प्राण तिच्यावर अवलंबून असत. काही राशींत तर पोकळ हाडामध्ये विनोदी कवने लिहून ठेवण्याची चाल होती. मागाहून येणारा थकलेला प्रवासी ती वाचून क्षणभर हसे आणि पुढे निघे.

तथापि, पठार बेसावधपणाची क्षमा करीत नाही. १७८० च्या शरदऋतूत रेनिस्तादुर येथील दोन भाऊ दक्षिणेकडे मेंढ्या खरेदी करण्यास गेले होते. उत्तरेकडील कळप रोगाने नष्ट झाल्यामुळे घरी मेंढ्यांची अत्यंत निकड होती. परतावयास उशीर झाला. ऑक्टोबर संपत आला असतानाही ते तीन सोबत्यांसह कळप घेऊन क्योलूरच्या वाटेने निघाले. वाटेत हिमवादळाने त्यांना गाठले. पाचांपैकी एकही घरी पोहोचला नाही. ज्या उंचवट्याजवळ त्यांचा अंत झाला, त्याला लोक आजही 'हाडांची टेकडी' म्हणतात.

या पठारावर आस्क्या नावाचा ज्वालामुखी आहे. १८७५ च्या मार्च महिन्यात त्याचा भयंकर उद्रेक झाला. बेटाच्या पूर्व भागातील कुरणे राखेखाली गाडली गेली, गुरे विषबाधेने व उपासमारीने मेली आणि अनेक कुटुंबांना घरदार सोडून उत्तर अमेरिकेची वाट धरावी लागली. उद्रेकानंतर ज्वालामुखीच्या पोटातील जमीन खचली व तेथे दोनशे मीटरांहून अधिक खोल असे एक सरोवर निर्माण झाले.

१९०७ च्या जुलै महिन्यात वाल्टर फॉन क्नेबेल हे जर्मन भूवैज्ञानिक आणि माक्स रुडलोफ हे चित्रकार लहानशा घडीच्या बोटीतून या सरोवरावर गेले, ते परत आलेच नाहीत. क्नेबेल यांची वाग्दत्त वधू इना फॉन ग्रुम्बकोव हिला ही वार्ता कळली, तेव्हा तिला स्वस्थ बसवेना. पुढच्याच उन्हाळ्यात, हान्स रेक या तरुण भूवैज्ञानिकास बरोबर घेऊन, ती घोड्यावरून ते वाळवंट ओलांडीत आस्क्यापर्यंत पोहोचली. शोध पुष्कळ केला. पण हाती काहीच लागले नाही. अखेर तिने सरोवराच्या काठी दगडांची एक रास उभारली. वाट दाखविण्यासाठी दगड रचण्याची त्या भूमीची रीत होती. तिने तीच रीत स्मरणासाठी वापरली.

अशा या उजाड भूमीचा एक आगळा उपयोगही झाला. १९६५ व १९६७ मध्ये अमेरिकेच्या अंतराळवीरांना खडकांचा अभ्यास करण्यासाठी या पठारावर आणण्यात आले. १९६७ च्या तुकडीत नील आर्मस्ट्राँग होते. दोनच वर्षांनी त्यांनी चंद्रावर पहिले पाऊल ठेवले.

आता पठारावरून मोटारीचे रस्ते गेले आहेत. परंतु तेही उन्हाळ्याचे थोडेच आठवडे खुले असतात, आणि चारही चाकांना गती देणारी वाहनेच तेथे चालतात. पुष्कळ नद्यांवर पूल नाहीत; उताराची जागा शोधूनच पलीकडे जावे लागते. या नद्या बर्फ वितळून वाहतात. त्यामुळे पहाटे जेथे गुडघाभर पाणी असते, तेथे दुपारच्या उन्हानंतर लोंढा येतो. गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही. म्हणून जाणता प्रवासी सकाळीच नदी ओलांडतो, आणि पाणी अधिक दिसल्यास मागे फिरण्यात कमीपणा मानीत नाही.

दिसावयास उग्र असलेली ही भूमी मुळात फार नाजूक आहे. थंडीमुळे तेथील शेवाळ अतिशय सावकाश वाढते. रस्ता सोडून एखादे वाहन क्षणभर भरकटले, तरी त्याच्या चाकांचे व्रण कित्येक दशके बुजत नाहीत. म्हणूनच रस्त्याबाहेर वाहन नेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे.

पूर्वीच्या प्रवाशांनी मागून येणाऱ्यासाठी दगड रचून ठेवले. आजच्या प्रवाशाने मागून येणाऱ्यासाठी ती भूमी होती तशीच ठेवावयाची आहे. या निर्जन पठारावरील वाटा आजवर टिकल्या, त्या पुढे गेलेल्याने मागच्याची आठवण ठेवली म्हणून.